द्राक्षं युरोपला पाठवायचीत? मग कंटेनर शेवटी, छाटणी आधी

जानेवारी संपत आला की फोन सुरू होतात. भाऊ माल तयार आहे, मणी १८ एमएमच्या वर, साखर १७ टक्के आलीय, एक्सपोर्टला कोण घेईल तेवढं सांगा. मी विचारतो प्लॉट रजिस्टर केलाय का, तर नाही. फवारणीची वही? तर म्हणे दुकानदाराकडे बिलं आहेत ना सगळी. मग माझं उत्तर एकच, लोकलला द्या नाहीतर बेदाणा करा, आणि समोरच्याला वाटतं हा टाळतोय.

टाळत नाही हो. परदेशात फळ विकताना ड्युटी, औषधांच्या अवशेषाचे नियम, कीडीचे नियम, जहाजाचं भाडं, दुसऱ्या देशांचा माल आणि पैसे बुडायची भीती, एवढ्यावर सगळं ठरतं. यातलं बहुतेक आपल्या हातात नाही, पण प्रत्येकाला तोंड द्यायची तयारी करायचा एक ठरलेला महिना असतो आणि तो गेला की वर्ष गेलं. लोक इथेच चुकतात, कामं सगळी करतात पण उलट्या क्रमाने. खाली नाशिक पट्ट्यातली थॉमसन-सोनाका ही द्राक्षं आणि बाजार युरोप असं धरून क्रम लिहितोय, डाळिंब किंवा आंबावाल्यांनी आपापले महिने आणि देशाचे नियम बदलून घ्या.

टप्पा १: देश ठरवा, तोही छाटणीच्या आधी (ऑगस्ट)

"जिथे भाव मिळेल तिथे पाठवू" हे वाक्य आधी डोक्यातून काढा. बांगलादेश, दुबई, रशिया, युरोप या चार ठिकाणी चार वेगळे माल जातात. पॅकिंग वेगळं, औषधांची यादी वेगळी, मण्याची साईज वेगळी. युरोपसाठी बनवलेला माल दुबईला जाऊ शकतो, उलटं बहुतेक वेळा होत नाही.

देश ठरवताना तीन गोष्टी बघा.

पहिली ड्युटी. युरोपात आपल्या द्राक्षावर साधारण ८ टक्के ड्युटी लागत आलीय, आणि दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांचा माल करारामुळे शून्यावर जातो. म्हणजे सुपरमार्केटच्या खरेदीदाराच्या टेबलावर आपण आधीच मागे असतो. हे करार बदलत असतात म्हणून दर सीझनला नवा दर विचारून घ्या, मागच्या वर्षीचा धरू नका. समोरचा देश ड्युटी वाढवतो तेव्हा काय होतं ते वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना विचारा, बांगलादेशाने २०१९ नंतर दरवर्षी ड्युटी चढवत नेली, चौपटीच्या वर गेली, आणि हक्काचं गिऱ्हाईक तुटलं. संत्र्यात काहीच दोष नव्हता.

दुसरी, आपलं स्वतःचं सरकार. द्राक्षावर सहसा बंदी येत नाही पण कांदा पिकवणाऱ्याने हे विसरायचं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये उघडली ती टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून, सप्टेंबरात शुल्क २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला निघालं. एवढ्यात बाहेरचा खरेदीदार पाकिस्तान-चीनकडून माल घ्यायला शिकतो आणि परत यायला वेळ लावतो.

तिसरी, बाजारातला गॅप. युरोपात हिवाळ्यात पेरू आणि दक्षिण आफ्रिका असतात, उन्हाळा लागला की इजिप्त आणि मग त्यांचा स्वतःचा माल. आपली जागा या दोघांच्या मधली, मोटामोटी फेब्रुवारी ते एप्रिल. दक्षिण आफ्रिकेचा सीझन लांबला की आपला फेब्रुवारी पडतो.

आता उलटं मोजा. माल १५ मार्चला रॉटरडॅमला पाहिजे, जहाजाला ३५ दिवस धरले तर ८ फेब्रुवारीला बोट सुटली पाहिजे, काढणी ५ फेब्रुवारीच्या आसपास, छाटणीपासून काढणी साधारण १३० दिवस, म्हणजे छाटणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आणि तेव्हा परतीचा पाऊस उभा असतो, डाउनी नावाची बुरशी डोक्यावर. लवकर छाटणी हा जुगार आहे, तो कळून खेळा. सगळी बाग एकाच तारखेला छाटू नका एवढंच मी सांगेन.

> तपासा: देश, बाजारात पोचायचा आठवडा आणि छाटणीची तारीख, तिन्ही वहीत लिहिलेत का? नसतील तर पुढे वाचून उपयोग नाही.

टप्पा २: उलटा हिशोब मांडा

लोक युरोचा भाव ऐकतात, शंभरने गुणतात आणि खुश होतात. असं करू नका, तिकडच्या भावातून एकेक खर्च वजा करत घरी या. आकडे फक्त समजण्यासाठी धरतोय.

समजा ५ किलोची पेटी १० युरोला विकली, म्हणजे किलोला २ युरो. त्यातून ड्युटी ०.१५, तिकडच्या विक्रेत्याचं कमिशन ०.१६, बंदरावरून स्टोअर आणि हाताळणी ०.१५, जहाजभाडं ०.३५, इकडचं पॅकिंग मटेरियल, पॅकहाऊस आणि गाडी मिळून ०.३०, वर तिकडे पेट्या पुन्हा भरताना होणारी (रिपॅकिंगची) घट ०.०६. उरले ०.८३, म्हणजे युरो शंभर रुपये धरला तर ८३ रुपये. निर्यातदाराचा नफा यातूनच जायचाय. आता फक्त जहाजभाडं दुप्पट करून बघा, ८३ चे ४८ होतात आणि त्या दिवशी लोकल व्यापारी बांधावर ५० देत असेल तर सगळी धावपळ कशासाठी केली?

कागदावर तीन रकाने करा, आजचं भाडं, दीडपट आणि दुप्पट. तिसऱ्या रकान्यात लोकलपेक्षा खाली जात असाल तर अर्धीच बाग युरोपला ठेवा.

टप्पा ३: लायसन्सचे कागद (हे सोपं आहे, उगाच घाबरतात)

स्वतः निर्यात करायची असेल तर आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर), अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं आरसीएमसी म्हणजे सदस्य-नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी, एफएसएसएआय म्हणजे अन्न परवाना आणि बँकेत चालू खातं. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काहीही बदल नसला तरी. हे विसरलात तर कोड बंद पडतो आणि कळतं कधी, तर फेब्रुवारीत कस्टमचा एजंट फोन करतो तेव्हा. निर्यातदाराला माल देणार असाल तर यातलं काहीही लागत नाही, थेट पुढचा टप्पा.

टप्पा ४: प्लॉट नोंदणी

युरोपला जाणारं द्राक्ष ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन यंत्रणेत, नोंदवलेल्या प्लॉटमधलंच लागतं. तालुका कृषी कार्यालयात अर्ज, सातबारा, बागेचा नकाशा, मग अधिकारी येऊन तपासणी अहवाल देतो आणि प्लॉटला नंबर पडतो. पुढे अवशेष तपासणीचं सॅम्पल, क्रेट, पेटी सगळीकडे हाच नंबर फिरतो, तिकडे पेटीत काही सापडलं तर मागे येत येत तुमच्या बांधावर पोचता येतं.

नेहमीच्या चुका दोन. एक म्हणजे मागच्या वर्षीची नोंदणी चालते असं धरणं, ती दर सीझनला नव्याने करायची असते आणि मुदत संपली की दार बंद. दुसरी म्हणजे वेगळ्या तारखेला छाटलेले दोन तुकडे एकाच नंबरात घालणं. एकाचा माल तयार, दुसऱ्याचा हिरवा, सॅम्पल मिसळतं, एक फेल गेला की दोन्ही गेले.

> इशारा: कंटेनर भरायला दोन क्विंटल कमी पडतात म्हणून शेजारच्याचा माल आपल्या नंबरात घालू नका. भावकी असली तरी नाही.

टप्पा ५: फवारणी (सगळ्यात जास्त माल इथे मरतो)

युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो लागते. ही किती? १३ टनाच्या अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून १३० मिलीग्रॅम, चिमूटभर सुद्धा नाही. "थोडंसंच मारलं होतं" याला इथे काही अर्थ उरत नाही.

आणि ही यादी हलत असते. क्लोरपायरीफॉसची मंजुरी युरोपने २०२० च्या सुरुवातीला काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मर्यादा ०.०१ वर आणली. इकडे मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला की हात अजून त्याच बाटलीकडे जातो, कारण वडील तेच मारायचे. इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्यापासून त्यांची यादी वेगळी चालते, तेव्हा "युरोपला पास म्हणजे इंग्लंडला पास" हेही धरायचं नाही.

२०१० आठवतंय का? क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपलं सीसीसी. एप्रिल छाटणीनंतर वाढ रोखायला मारलेलं, घडाला थेंब लागलेला नाही, तरी पुढच्या वर्षीच्या घडात उतरलं कारण ते वेलीच्या लाकडात टिकून राहतं. इकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, तिकडच्या लॅबने शोधलं, आणि कंटेनर युरोपच्या बंदरात अडकले. म्हणून म्हणतो की निर्यातीची फवारणी एप्रिलपासून मोजायची, फळछाटणीच्या ऑक्टोबरपासून नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने:

१. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची चालू सीझनची यादी घ्या, जिला सगळे अनेक्श्चर ५ म्हणतात. त्यात औषध, डोस, मर्यादा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते असतं. छापून औषधाच्या खोलीत लावा. मागच्या वर्षीची फाडून टाका, दोन याद्या भिंतीवर असल्या की माणूस सोयीची वाचतो.

२. पीएचआय म्हणजे थांबायचे दिवस, ते या यादीवरून मोजा, बाटलीवरून नाही. बाटलीवरचे दिवस आपल्या देशातल्या मर्यादेसाठी असतात. थंडी जास्त, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा दाट किंवा डोस वाढवलेला असेल तर औषध उतरायला अजून वेळ लागतो, वरती आठवडाभर जास्त ठेवा.

३. फवारणी झाली त्याच संध्याकाळी वहीत नोंद. औषधाचं तांत्रिक नाव, बॅच नंबर, डोस, पाणी किती, कोणता प्लॉट. "बुरशीनाशक मारलं" ही नोंद नाही.

४. खरेदीदाराला विचारा, किती औषधं सापडलेली चालतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या सरकारी मर्यादेच्या खाली स्वतःची रेषा ओढतात, शिवाय एकूण किती औषधांचे अंश सापडले त्यावरही बंधन असतं, बहुतेक चार-पाच. म्हणजे प्रत्येक औषध मर्यादेत, लॅबचा रिपोर्ट पास, तरी माल नाकारला जातो कारण सात औषधं दिसली. मण्यात पाणी उतरल्यानंतर (मणी मऊ व्हायला लागल्यावर) वेगवेगळी औषधं बदलत मारायची सवय इथे नडते.

५. "जैविक", "ऑरगॅनिक टॉनिक" नावाच्या बिनलेबलच्या बाटल्या बागेत आणू नका. भुरी (पांढरी बुरशी) एका रात्रीत जाते तेव्हा त्यात काय घातलेलं असतं ते लॅबमध्येच दिसतं. दुकानदार पाया पडला तरी नको.

६. शेजारी टोमॅटो किंवा मिरची असेल तर वारा बघा. त्यांच्या पंपाचं औषध तुमच्या कडेच्या दोन ओळींवर येतं, त्या ओळींचा माल वेगळा काढून लोकलला द्या.

> तपासा: काढणीच्या ४५ दिवस आधी वही आणि यादी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. एखाद्या औषधाबद्दल शंका आली तर स्वतःच्या पैशाने एक खाजगी तपासणी आत्ताच करा, नंतर कंटेनरचं नुकसान भरण्यापेक्षा स्वस्त पडते.

टप्पा ६: सॅम्पल

अपेडाने मान्य केलेल्या लॅबचा माणूस स्वतः येऊन सॅम्पल घेतो. त्याला चांगल्या ओळीत फिरवून आणायचं कौतुक करू नका, तिकडे कंटेनर उघडून पुन्हा तपासणार आहेत, इथे फसवलं तर स्वतःलाच फसवलं. फेल आलं तर तो प्लॉट युरोपसाठी थांबतो, काही दिवसांनी परत तपासणी करून घेता येते पण तोपर्यंत बाजाराचा आठवडा जातो.

सगळ्यात हळहळ वाटते ती चूक म्हणजे सॅम्पल पास झाल्यावर आभाळ येतं, माणूस घाबरतो आणि "एकच हात" मारतो. पास रिपोर्ट सॅम्पलच्या दिवसाचा असतो, तुमच्या त्या फवारणीनंतरचा नाही.

टप्पा ७: सौदा काढणीच्या आधी, कागदावर

ताजा माल तीन पद्धतीने जातो. फिक्स भाव, किमान हमी म्हणजे एमजी, आणि कन्साइनमेंट, म्हणजे तिकडे विकून जे येईल त्यातून खर्च-कमिशन कापून उरलेलं तुमचं. तिसऱ्यात सगळी जोखीम तुमची. नवख्याने एमजीशिवाय पहिला कंटेनर पाठवू नये असं माझं मत आहे, भले भाव दहा टक्के कमी मिळो. खरेदीदाराचं नाव ईसीजीसीकडे (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) देऊन त्याच्यावर किती रकमेचं कव्हर मिळतं ते बघा, कव्हर द्यायला ते नकार देत असतील तर तुम्ही कशाला उधार देताय?

निर्यातदाराला बांधावर देणार असाल तरी हेच. भाव, साईज, रिजेक्शन कोण ठरवणार, पैसे किती दिवसांत, हे लिहून घ्या आणि गाडी हलायच्या आधी काही रक्कम खात्यात घ्या. माल गेला आणि व्यापारी पण गेला, हे दर सीझनला कुठल्यातरी गावात घडतंच.

टप्पा ८: काढणी ते प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं)

सकाळी दव वाळलं की सुरू, ऊन चढायच्या आत बंद. ओला घड क्रेटमध्ये गेला तर पेटीत सड रोखायला ठेवतात त्या गंधकाच्या पॅडचा वायू ओल्या मण्यावर जास्त बसतो, देठाजवळ पांढरे डाग पडतात. घड देठाला धरायचा, मण्याला नाही, वरची पांढरी झाक बोटांनी गेली की माल शिळा दिसतो. क्रेट सावलीत, एकथर.

काढल्यापासून चार-सहा तासांत माल पॅक होऊन प्रीकूलिंगला गेला पाहिजे आणि मण्याच्या आतलं तापमान ० ते १ अंशावर आलं पाहिजे. खोलीचं नाही, मण्याचं, थर्मामीटरची सुई मण्यात घालून बघा. इथे लोक घाई करतात, ४-५ अंशावर भरतात आणि म्हणतात कंटेनर थंड करेल की. रीफर म्हणजे थंड कंटेनर थंडी टिकवतो, गरम माल थंड करायची ताकद त्यात नसते, मधल्या पॅलेटमधली पेटी अख्ख्या प्रवासात कोमट राहते आणि उघडल्यावर नेमकी तीच सडकी निघते.

टप्पा ९: कंटेनर आणि रस्ता

लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का आहे का बघा, नसेल तर द्राक्ष कितीही चांगलं असो, लाकडापायी अडकेल. सेटिंग उणे ०.५ ते ०. पॅकहाऊसपासून न्हावाशेवापर्यंत जनरेटर चालू ठेवायचा. आत दोन डेटा लॉगर (प्रवासभर तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) टाका, एक दाराशी, एक मध्यावर, दोन्हींचे नंबर इनव्हॉइसवर लिहा.

डिसेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, १० ते १५ दिवस वाढले, भाडंही चढलं. बुकिंग करताना एजंटला स्पष्ट विचारा, बोट कोणत्या रस्त्याने जातेय, वाटेत माल दुसऱ्या बोटीवर चढणार का आणि तिथे किती दिवस उभा राहणार. वेबसाईटवरचे दिवस धरू नका, मागच्या दोन बोटी प्रत्यक्षात कधी पोचल्या ते विचारा. रस्ता लांबचा असेल तर पाऊस लागलेला, पातळ सालीचा, देठ तपकिरी पडायला लागलेला माल पाठवायचाच नाही.

टप्पा १०: बोटीचे कागद आणि पोचल्यावर

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, अ‍ॅगमार्क म्हणजे प्रतवारीचं प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र (फायटो), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. युरोपात १४ डिसेंबर २०१९ पासून जवळपास सगळ्या ताज्या फळांना फायटो लागतंच, सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. सगळ्या कागदांवर पेट्यांची संख्या, वजन, प्लॉट नंबर, खरेदीदाराचं स्पेलिंग एकसारखं पाहिजे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर आपल्या आंब्याच्या साधारण १५ शिपमेंट नाकारल्या गेल्या त्या विकिरण प्रक्रियेच्या कागदातल्या घोळामुळे, माल तिथेच नष्ट करावा लागला. फायटोचा ड्राफ्ट आला की दोन वेगळ्या माणसांनी वाचावा, एकाच माणसाच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

कंटेनर पोचला की काम संपलं असं समजू नका. उघडताना फोटो, मण्याचं तापमान आणि क्वालिटी रिपोर्ट २४ तासांत मागा, खरेदीदाराने तक्रार केली तर त्याच दिवशी स्वतंत्र सर्व्हेअर लावा. हे मी पैसे मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी माझा एक कंटेनर तिकडे "मऊ पडला" म्हणून कळवलं, तेही आठ दिवसांनी, भाव जवळपास निम्मा केला. पॅकहाऊसमध्ये गर्दी होती म्हणून त्या दिवशी लॉगर टाकायचा राहिला होता, मग चूक माझ्या प्रीकूलिंगची, बोटीची की त्यांच्या स्टोअरची, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं तेवढेच पैसे घेतले. लॉगरची किंमत एका पेटीच्या भावात बसते, आता मी दोन टाकतो आणि दाराचं सील लावताना दोन्ही चालू आहेत का ते स्वतः बघतो.